‘ती चांगली गाते’चं इंग्रजी: नागपूरच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराची मुलगी. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी. ए., आणि आता नागपुरात नंदनवनला दोन मैत्रिणींसोबत खोली करून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेची तयारी. मुख्य परीक्षेत मराठी आणि इंग्रजी भाषेचा पेपर असतो आणि उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. मराठी व्याकरणात ही मुलगी इतकी पक्की, की प्रयोग आणि समास ती अभ्यासिकेतल्या इतरांना समजावते. इंग्रजीतही काळ, व्हॉइस, आर्टिकल बऱ्यापैकी हातात. गळती एकाच जागी होती: विशेषण कुठे वापरायचं आणि क्रियाविशेषण कुठे.

सक्करदऱ्यातल्या एका अभ्यासिकेत मी रविवारी इंग्रजी व्याकरण घेते. “मॅडम, नियम विचारले तर सगळे सांगते मी. प्रश्न आला का चूक होऊन राहिली,” हे तिचं पहिलं म्हणणं, आणि ते शब्दशः खरं होतं. विशेषण नामाबद्दल सांगतं. क्रियाविशेषण क्रियापदाबद्दल, विशेषणाबद्दल किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल सांगतं, हे तिने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. शिवाय आधीच्या एका क्लासमधून मिळालेल्या दोन ‘ट्रिक’ तिच्याकडे होत्या. एक, शेवटी ‘एल-वाय’ असेल तो शब्द क्रियाविशेषण. दोन, क्रियापदाला ‘कसे?’ असं विचारायचं, येईल ते उत्तर क्रियाविशेषण.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या इंग्रजीबद्दल ‘बेसिक कच्चं आहे’ एवढं बोलून विषय संपवण्याची आपल्याकडे रीत आहे. या मुलीचं बेसिक कच्चं नव्हतं. ती मिळालेले नियम तंतोतंत पाळत होती आणि तंतोतंत पाळल्यामुळेच चुकत होती. मेहनती विद्यार्थी पुन्हापुन्हा एकाच जागी अडखळतो तेव्हा आधी नियम तपासावा, विद्यार्थी नंतर, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते.

तीन ढीग

बहुपर्यायी प्रश्नातून चूक कळते, चुकीचं कारण कळत नाही. चारांतला एक पर्याय निवडताना मूल अंदाजही बांधतं. म्हणून मी तिला प्रश्नसंच बाजूला ठेवायला लावला आणि रोजच्या बोलण्यातली मराठी वाक्यं इंग्रजीत लिहायला दिली. काही आठवड्यांची वही साठली तेव्हा चुका आपोआप तीन ढिगांत पडल्या.

पहिल्या ढिगात ‘शी सिंग्ज गुड’, ‘ही राइट्स करेक्ट’, ‘स्पीक क्लिअर’, ‘शी कम्स रेग्युलर’. जिथे ‘वेल’, ‘करेक्टली’, ‘क्लिअरली’, ‘रेग्युलरली’ हवं तिथे तिने विशेषण ठेवलं होतं.

दुसऱ्या ढिगात नेमकं उलटं. ‘द ऑरेंज टेस्ट्स स्वीटली’. ‘द फ्लॉवर स्मेल्स नाइसली’. ‘शी केप्ट द रूम क्लीनली’. इथे ‘स्वीट’, ‘नाइस’, ‘क्लीन’ ही साधी विशेषणं हवी होती आणि तिने आठवणीने ‘एल-वाय’ जोडलं होतं.

तिसऱ्या ढिगात शब्दाच्या आकाराने फसवलेली वाक्यं. ‘ही टॉक्ड फ्रेंडली’. आणि मुलाखतीच्या सरावात तिने स्वतःबद्दल लिहिलेलं, वाचून माझ्या काळजात धस्स झालेलं वाक्य: ‘आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर धिस एक्झाम’. तिला म्हणायचं होतं, मी खूप कष्ट केले. कागदावर उतरलं होतं, मी जेमतेमच काही केलंय.

एकाच मुलीकडून पहिल्या आणि दुसऱ्या ढिगातल्या परस्परविरुद्ध चुका होत होत्या. ‘हिचा विशेषण-क्रियाविशेषणात गोंधळ होतो’ हे निदान इथे पुरत नाही. पहिल्या ढिगावर उपाय म्हणून ‘एल-वाय लावत जा’ सांगितलं की दुसरा ढीग वाढतो. दुसऱ्यावर उपाय म्हणून ‘उगाच एल-वाय लावू नको’ सांगितलं की पहिला वाढतो. आधीच्या वर्षभरात तिच्या बाबतीत हेच झालं असावं असं वहीवरून दिसत होतं.

पहिल्या ढिगाचं मूळ

वहीत एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. ‘ऑनेस्टली’, ‘केअरफुली’, ‘अँग्रिली’ या शब्दांत ती एकदाही चुकली नव्हती. ‘ही वर्क्स ऑनेस्ट’ असं तिच्या हातून कधी लिहिलंच गेलं नाही. ‘गुड’, ‘करेक्ट’, ‘क्लिअर’, ‘रेग्युलर’, ‘ब्यूटिफुल’ यांच्यातच ती पडत होती.

मूळ मराठी वाक्यं शेजारी ठेवली की उलगडा होतो. ‘तो प्रामाणिकपणे काम करतो’, ‘तिने काळजीपूर्वक वाचलं’, ‘त्याने रागाने बघितलं’. इथे मराठीतच शब्दाला ‘पणे’, ‘पूर्वक’, ‘ने’ अशी खूण आहे. ‘प्रामाणिक’ माणूस वेगळा आणि ‘प्रामाणिकपणे’ केलेलं काम वेगळं. मराठीत खूण दिसली की इंग्रजीत ‘एल-वाय’ आपोआप येत होतं. पण ‘ती चांगली गाते’, ‘तो बरोबर लिहितो’, ‘स्पष्ट बोल’, ‘ती नियमित येते’, ‘ती सुंदर नाचते’ या वाक्यांत खूण नाही. चांगली मुलगी आणि चांगली गाते, सुंदर साडी आणि सुंदर नाचते, शब्द तोच. मराठीने दोन्ही कामं एकाच शब्दाकडून करून घेतली, म्हणून तिनेही इंग्रजीत एकच शब्द ठेवला.

‘चांगला’ची गोष्ट तर आणखी पुढची. तो चांगला खेळतो, ती चांगली खेळते, पोरं चांगली खेळतात. क्रियापदाबद्दल सांगणारा शब्द कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतो. शाळेत आपण ‘क्रियाविशेषण अव्यय’ शिकतो आणि अव्यय म्हणजे न बदलणारं. मग हा बदलणारा ‘चांगला’ कुठे बसवायचा? मी हे फळ्यावर लिहिलं तेव्हा उत्तर तिनेच दिलं: “मॅडम, हे अव्यय नाही, पण क्रियाविशेषण आहे. विकारी क्रियाविशेषण.” बरोबर आहे. सविस्तर मराठी व्याकरणं हा भेद करतात. सकर्मक वाक्यात तर हा शब्द कर्माशी जुळतो: ‘ती पोळ्या चांगल्या लाटते’. आता ‘चांगल्या’ हे पोळ्यांचं वर्णन की लाटण्याचं? मराठी कानाला फरक पडत नाही, कारण नीट लाटल्या म्हणूनच पोळ्या चांगल्या. इंग्रजीत मात्र निवडावं लागतं. ‘शी मेक्स गुड रोटीज’ म्हटलं तर पोळ्या चांगल्या, ‘शी मेक्स रोटीज वेल’ म्हटलं तर करण्याची रीत चांगली. दोन्ही शुद्ध, पण जागा वेगळी आणि शब्दही वेगळा.

नागपुरात याला हिंदीचाही दुजोरा मिळतो. इथल्या मुलांच्या कानावर दिवसभर ‘वो अच्छा गाती है’ पडतं. तिथेही ‘अच्छा लड़का’मधलाच शब्द क्रियेला लागतो. घरची मराठी आणि बाजारातली हिंदी दोघींनी एकच सवय लावली असेल, तर इंग्रजीत त्या मुलीने ‘शी सिंग्ज गुड’ लिहिणं हे तर्काला धरूनच आहे. ही चूक आळसाची नाही, हे विद्यार्थ्याला मोकळेपणाने सांगावं. तिला सांगितलं तेव्हा वहीचं पान उलटून तिने स्वतःच आणखी तसे शब्द शोधायला घेतले: छान, मस्त, बढिया.

दुसऱ्या ढिगाचं मूळ

इथे दोषी ती दुसरी ‘ट्रिक’. क्रियापदाला ‘कसे?’ विचारा.

संत्रं गोड लागतं. कसं लागतं? गोड. झालं, उत्तर आलं, म्हणून ते क्रियाविशेषण, म्हणून ‘स्वीटली’. खोली स्वच्छ ठेवली. कशी ठेवली? स्वच्छ. म्हणून ‘क्लीनली’. नियमाचं पालन अचूक, उत्तर चूक.

कारण असं, की मराठीतला ‘कसा-कशी-कसं’ हा प्रश्न माणसाबद्दलही विचारता येतो आणि क्रियेबद्दलही. पोरगा कसा आहे? पोरगा कसा खेळतो? दोन्हीकडे ‘कसा’च. जो प्रश्न दोघांनाही लागू पडतो तो दोघांतला फरक कसा दाखवणार? ही ट्रिक मार्गदर्शकांत सर्रास छापलेली असते आणि ‘तो हळू चालतो’सारख्या उदाहरणांवर ती चालतेही, म्हणून कुणाला शंका येत नाही.

इंग्रजीतल्या काही क्रियापदांचं काम फक्त कर्त्याला त्याच्या गुणाशी जोडण्याचं असतं. ‘इज’, ‘बिकम’, ‘सीम’ ही ठळक. ‘लुक’, ‘टेस्ट’, ‘स्मेल’, ‘फील’, ‘साउंड’, ‘टर्न’, ‘ग्रो’, ‘स्टे’ ही कधी जोडणारी, कधी खरं काही करणारी. ‘द ऑरेंज टेस्ट्स स्वीट’मध्ये संत्रं काहीच करत नाही. गोडी संत्र्यात आहे, म्हणून संत्र्याचं विशेषण. ‘शी केप्ट द रूम क्लीन’मध्ये स्वच्छता खोलीची आहे, ठेवण्याची नाही. हे इंग्रजी व्याकरणात स्पष्ट सांगितलेलं असतं, पण ‘लिंकिंग व्हर्बची यादी पाठ करा’ अशा स्वरूपात. यादी तिलाही पाठ होती. अडचण अशी की यादीतलं ‘लुक’ दरवेळी जोडणारं नसतं.

जी चाचणी तिला दिली

दोन्ही जुन्या ट्रिक पूर्ण सोडायच्या, असं ठरवलं. त्यांच्या जागी मराठीतलीच एक गोष्ट घेतली: क्रियापदाचं ‘णं’वालं रूप. धावतो, धावणं. लिहितो, लिहिणं. येते, येणं. मग गुण दाखवणारा शब्द एकदा त्या ‘णं’ला लावून बघायचा आणि एकदा माणसाला किंवा वस्तूला. मूळ वाक्यातून यातलं कोणतं नक्की ठरतं, ते बघायचं.

तो बरोबर लिहितो. त्याचं लिहिणं बरोबर? हो. तो बरोबर? ते काही सांगितलेलं नाही. म्हणजे गुण कृतीचा, म्हणून ‘करेक्टली’. ती नियमित येते: तिचं येणं नियमित, म्हणून ‘रेग्युलरली’. संत्रं गोड लागतं: संत्र्याचं लागणं गोड? काहीतरीच. संत्रं गोड? हो. म्हणून ‘स्वीट’. खोली स्वच्छ ठेवली: ठेवणं स्वच्छ? नाही. खोली स्वच्छ? हो. ‘क्लीन’.

‘ती चांगली गाते’वर ती थांबली. “मॅडम, ती चांगली, हे पण लागून राहिलं ना?”

“ती चांगली गाते एवढंच मी तुला सांगितलं, तर ती माणूस म्हणून चांगली आहे हे तुला कळलं का?”

“नाही. भांडखोर पण असू शकते.”

“आणि तिचं गाणं?”

“ते चांगलं. म्हणजे वेल.”

हा ‘वेल’ तिने स्वतःच्या वाटेने काढला होता, पाठांतरातून नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली मोठी घडामोड तीच.

यानंतर आम्ही ‘लुक’कडे आलो आणि इथे मराठी अडथळा न राहता थेट मदतीला आली. इंग्रजीतला एक ‘लुक’ मराठीत दोन क्रियापदांत विभागलेला आहे: दिसणं आणि बघणं. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट मी’ म्हणजे त्याने माझ्याकडे रागाने बघितलं. ‘टेस्ट’ म्हणजे लागणं किंवा चाखणं: सावजीचा रस्सा तिखट लागला, ‘द करी टेस्टेड स्पायसी’, पाहुण्याने रस्सा जपून चाखला, ‘द गेस्ट टेस्टेड द करी कॉशसली’. ‘फील’ म्हणजे लागणं, वाटणं किंवा चाचपणं: इतवारीत कापड घेताना हाताला ते मऊ लागतं, तिथे ‘सॉफ्ट’, आणि गिऱ्हाईक ते काळजीपूर्वक चाचपून बघतं, तिथे ‘केअरफुली’. ‘स्मेल’ म्हणजे वास येणं किंवा हुंगणं. ‘टर्न’ म्हणजे होणं किंवा वळणं: संत्री पिवळी झाली, ‘टर्न्ड येलो’, गाडी हळूहळू वळली, ‘टर्न्ड स्लोली’. ‘ग्रो’ म्हणजे होत जाणं किंवा वाढणं.

इंग्रजाच्या मुलाला हे दोन अर्थ एकाच शब्दातून वेगळे काढावे लागतात. मराठी मुलाला ते जन्मापासून वेगळे मिळालेले आहेत! शिक्षकाने ते वापरायला तेवढं सांगायचं. ‘वर्गात फक्त इंग्रजीच’ असा आग्रह धरणाऱ्यांशी माझं इथे भांडण आहे. व्याकरणाच्या या एका भागात तरी मराठी बाहेर ठेवली, तर मुलाच्या हातातलं सर्वांत धारदार साधन काढून घेतल्यासारखं होतं.

यावरून तिने वहीत आपली एक छोटी यादी केली: असणं, होणं, राहणं, दिसणं, लागणं, वाटणं. इंग्रजी क्रियापदाचं मराठी यांपैकी एक आलं तर पुढे विशेषण. यादी मला फार आवडली. ‘वास येणं’ तेवढं सातवं म्हणून घालायला सांगितलं.

आणि दुसऱ्याच आठवड्यात ती या यादीत अडकली, तेही आपल्या नागपुरी बोलीमुळे. मी वाक्य दिलं होतं, ‘ती आज छान गात आहे’. तिने ते मनात आपल्या बोलीत करून घेतलं: ‘ती आज छान गाऊन राहिली’. राहणं तर यादीत आहे! म्हणून विशेषण, म्हणून ‘शी इज सिंगिंग नाइस’. पुण्या-मुंबईच्या शिक्षकाला ही चूक कुठून आली ते कळलंच नसतं. ‘गाऊन राहिली’मध्ये क्रिया गाण्याची आहे, ‘राहिली’ फक्त ते चालू असल्याचं सांगतं. गंमत अशी की इंग्रजीतही नेमका हाच सापळा आहे. ‘शी इज सिंगिंग...’ यातलं ‘इज’ बघून पुष्कळ मुलं विशेषण लिहितात, कारण ‘इज’नंतर विशेषण येतं हे त्यांना माहीत असतं. तिथेही ‘इज’ सहायक आहे, खरं क्रियापद ‘सिंग’. नागपुरी ‘राहिली’ आणि इंग्रजी ‘इज’ इथे एकच काम करतात हे दाखवल्यावर ती चूक पुन्हा दिसली नाही. ‘ती आनंदाने राहते’मधलं वस्तीचं राहणंही यादीतून वगळावं लागलं, पण तिथे ‘ने’ची खूण असल्यामुळे ‘शी लिव्ह्ज हॅपिली’ तिला आधीच येत होतं.

तिसरा ढीग

यावर ‘णं’ची चाचणी चालत नाही. ती गुण कुणाचा हे सांगते, शब्दाचं रूप कोणतं घ्यायचं हे सांगत नाही. इथे इतिहास थोडा सांगितला तर पाठांतराचं ओझं कमी होतं.

जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘ए’ हा स्वर जोडून क्रियाविशेषण करत. आजचं ‘हार्ड’ तेव्हा विशेषण म्हणून ‘हेअर्ड’ आणि क्रियाविशेषण म्हणून ‘हेअर्डे’ होतं. दुसरीकडे ‘लिच’ हा प्रत्यय नामाला लागून विशेषण करी, म्हणजे ‘च्यासारखा’ अशा अर्थी. मित्रासारखा तो ‘फ्रेंडली’. त्याच प्रत्ययाला तो ‘ए’ लावून ‘लिचे’ केलं की क्रियाविशेषण. पुढच्या शतकांत शेवटचा स्वर उच्चारातून गळून गेला. ‘हेअर्ड’ आणि ‘हेअर्डे’ एकसारखे झाले, म्हणून आज ‘हार्ड’, ‘फास्ट’ दोन्ही कामं करतात. ‘लिच’ आणि ‘लिचे’ दोन्ही झिजून ‘एल-वाय’ झाले, म्हणून ‘फ्रेंडली’ विशेषण आणि ‘स्लोली’ क्रियाविशेषण असूनही शेपूट एकच. जे अपवाद म्हणून वेगवेगळे पाठ करायला लावतात, त्यांचं मूळ एकाच घटनेत आहे.

यातून कामाचा निकष मिळतो. ‘एल-वाय’ काढून टाका आणि उरलेला शब्द बघा. नाम उरलं तर बहुधा विशेषण: फ्रेंड, कॉस्ट, कॉवर्ड, मदर, टाइम. विशेषण उरलं तर बहुधा क्रियाविशेषण: स्लो, क्लिअर, ऑनेस्ट. ‘बहुधा’ म्हणायला हवं, कारण ‘डेडली’, ‘सिकली’, ‘एल्डरली’ यांत विशेषण उरूनही शब्द विशेषणच राहतो, आणि ‘डेली’, ‘वीकली’, ‘अर्ली’ दोन्हीकडे चालतात. ‘फ्रेंडली’सारख्या शब्दाला आणखी एक ‘एल-वाय’ जोडणं इंग्रजी माणूस टाळतो. तो ‘इन अ फ्रेंडली वे’ म्हणतो. तिच्या ‘ही टॉक्ड फ्रेंडली’ची दुरुस्ती तीच.

‘हार्ड-हार्डली’, ‘लेट-लेटली’, ‘निअर-निअरली’ या जोड्यांना मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे, ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ. इथे ‘एल-वाय’ लावल्याने अर्थच दुसरा होतो. मुलाखतीचं ते वाक्य आम्ही ‘आय हॅव वर्क्ड हार्ड’ असं करून घेतलं आणि ती जोडी तिने खोलीतल्या आरशाला चिकटवली.

रस्त्यावरच्या ‘गो स्लो’ पाट्यांबद्दलही तिने विचारलं: मग ही सरकारी पाटी चूक का? चूक नाही. ‘स्लो’ हे क्रियाविशेषण म्हणून इंग्रजीत शतकानुशतकं चालत आलेलं आहे. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी, त्यांत १७६२ साली आपलं व्याकरण छापणारे रॉबर्ट लोथ हे एक ठळक नाव, विशेषणाच्या रूपात क्रियाविशेषण वापरायला अशुद्ध ठरवलं. शाळेच्या आणि परीक्षेच्या इंग्रजीवर त्या शिस्तीची छाप अजून आहे. परीक्षेत ‘स्लोली’ आणि ‘स्लो’ दोन्ही पर्याय समोर आले तर ‘स्लोली’ घ्यावं. पाटीला मात्र नावं ठेवू नयेत.

चाचणी जिथे थांबते

‘ती घरी सुखरूप पोचली’ हे वाक्य तिने मुद्दाम माझ्यापुढे ठेवलं. पोचणं सुखरूप? हो. ती सुखरूप? तेही हो. आता? इथे चाचणीने दोन उत्तरं दिली, आणि इंग्रजीतही दोन्ही चालतात: ‘शी रीच्ड होम सेफ’ आणि ‘शी रीच्ड होम सेफली’. पहिल्यात पोचली त्या वेळी ती कशी होती ते आहे, दुसऱ्यात पोचण्याची रीत. चाचणी डगमगली तिथेच इंग्रजीही दोन्ही वाटा मोकळ्या ठेवते, हे बघून माझा या पद्धतीवरचा विश्वास वाढला.

‘वेल’चं दुहेरी काम चाचणीबाहेरचं आहे. ‘आय ॲम वेल’ म्हणजे माझी तब्येत बरी आहे, आणि तिथे ‘वेल’ हे चक्क विशेषण. ‘शी सिंग्ज वेल’मध्ये ते क्रियाविशेषण. ‘मला वाईट वाटतं’चं ‘आय फील बॅड’ तिच्या यादीतल्या ‘वाटणं’मुळे सहज बसलं. ‘बॅडली’ लिहिण्याचा मोह पुष्कळ शिकलेल्यांनाही होतो, तो तिला झाला नाही.

विशेषणाला लागणारी क्रियाविशेषणं हा भाग पटकन उरकला. नागपूरचा मे महिना ‘अनबेअरेबली हॉट’ असतो. ‘असह्य’ हा शब्द उन्हाळ्याला लागतो की तापण्याच्या प्रमाणाला, एवढं विचारलं की ती उत्तर देत होती. मराठीत ‘भयंकर’ दोन्हीकडे चालतं, म्हणून ‘टेरिबल हॉट’ अधूनमधून डोकावत राहिलं.

आता काय स्थिती आहे

लिहिताना पहिला ढीग जवळजवळ संपला आहे. ‘गुड’ लिहून झाल्यावर ती स्वतःच थांबते, ओठांत ‘गाणं चांगलं’ असं काही पुटपुटते आणि खोडून ‘वेल’ करते. दुसऱ्या ढिगात ‘लुक’, ‘टेस्ट’, ‘फील’ पक्के झाले, पण कर्मानंतर येणारं विशेषण अजून हुलकावणी देतं. ‘द जज फाउंड हिम गिल्टी’ तिने बरोबर केलं आणि त्याच पानावर ‘द सन मेड द वॉटर वॉर्मली’ लिहिलं. अशा वाक्यांत वस्तू दोन असतात, कर्ता आणि कर्म, आणि गुण तिसऱ्याच जागी लिहिलेला असतो. तो पहिल्याला लावायचा की दुसऱ्याला, यात वेळ जातो.

वेळ हीच उरलेली खरी अडचण आहे. घड्याळ लावून प्रश्नसंच सोडवताना तिचा हात पुन्हा ‘एल-वाय’कडे जातो, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि ‘णं’ मनात करून बघावा लागतो. म्हणून सध्या ती चाचणी सगळ्या प्रश्नांना लावत नाही. पर्यायांत ‘हार्ड-हार्डली’सारखी जोडी असेल तर अर्थ बघायचा, क्रियापद तिच्या सात क्रियापदांपैकी असेल तर थेट विशेषण, गाळलेली जागा कर्मानंतर असेल तरच ‘णं’. उरलेल्या प्रश्नांत वाक्य एकदा मराठीत म्हणून पुढे जायचं. येत्या रविवारी कर्मानंतरच्या विशेषणांची वाक्यं घ्यायची आहेत. तिने स्वतः तीस वाक्यं काढून आणते म्हणून सांगितलंय, सगळी बागेतली: झाडं हिरवी ठेवली, फळं मोठी केली, माती ओली राखली.